तुंगनाथाच्या वाटेवरील पक्षिगणना

पंचकेदारांपैकी तुंगनाथ हे स्थान आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस प्रत्यक्ष यात्रेने किंवा निदान यात्रावर्णनांवरून परिचित असेलच. गढवालातील ते शिवालय समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. त्याच्या समोर चौखंब्याची हिमाच्छादित शिखरे उभी आहेत, आणि चोपत्याहून तेथवर जाणारी फरसबंद वाट साडेतीन-चार किलोमीटरांची आहे. ह्या सर्वांचे वर्णन करण्याचा आमचा येथे हेतू नाही. ते कार्य आमच्याहून समर्थ लेखणीने पूर्वीच पार पाडले आहे. परंतु त्याच वाटेने देवदर्शनाखेरीज अन्य एका हेतूने पहाटेच्या अंधारात चढणारी काही माणसे आम्हांस भेटली. ती माणसे पाखरे मोजतात. हे काम वरवर पाहणाऱ्यास रिकामटेकडेपणाचे वाटते, आणि आत शिरावे तो त्यात आमच्या जुन्या शास्त्रकारांनी वादविलेला एक प्रश्न जिवंत उभा असलेला दिसतो. म्हणून ही हकीकत सविस्तर लिहावीशी वाटली.

आमची एक पुतणी पक्ष्यांचा अभ्यास करते. २०२४ च्या मे महिन्यात ती तीन सहकाऱ्यांसह चोपत्यास राहणार होती. "काका, देव तुमचा, पाखरे माझी, वाट एकच आहे, तेव्हा काकूंना घेऊन याच," असे तिने कळविले. आमच्या कुटुंबाची केदारखंडाची इच्छा फार दिवसांची होती. त्यामुळे वाईहून निघण्यास फारसा विचार करावा लागला नाही. ऋषिकेशपासून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, ऊखीमठ ह्या मार्गाने मोटारीने चोपत्यास पोहोचलो. रस्त्याविषयी इतकेच सांगणे पुरे, की एका बाजूस दरड व दुसऱ्या बाजूस दरी असता मनुष्यास नामस्मरण आपोआप सुचते.

मात्र ऊखीमठापासून पुढे डोळे उघडे ठेवावेत. खालच्या अंगास चीड वृक्षांची विरळ राने आहेत. त्यांच्या वर बांज, मग मोरू, त्याहून वर खर्सू असे ओकवृक्षांचे एकावर एक पट्टे लागतात, आणि त्यांत ठिकठिकाणी बुरांश दिसतो. चोपता सुमारे २७०० मीटरांवर आहे. तेथून वर फरचे उंच वृक्ष व खुरट्या जातीचे बुरांश लागतात. त्या खुरट्या बुरांशांस मे महिन्यात फिकट जांभळी फुले आलेली असतात. साधारण ३३०० मीटरांवर झाडांची हद्द एकाएकी संपते, आणि पुढे केवळ गवत, शिळा व वितळत असलेले बर्फ एवढेच राहते. ह्या गवताळ उतारांस तेथील लोक बुग्याल म्हणतात. एखाद्या जुन्या चारमजली वाड्यात प्रत्येक मजल्यावर निराळे बिऱ्हाड असावे, त्याप्रमाणे ह्या पर्वताच्या प्रत्येक पट्ट्यात पाखरांची निराळी वस्ती आहे. काही जाती दोन मजले वापरतात. काही आपला मजला सहसा सोडीत नाहीत.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मोजावयाची ती पाखरे मुख्यतः गायक पक्ष्यांची. आता गायक कोण, हे शास्त्रज्ञ कंठाच्या गोडीवरून ठरवीत नाहीत, तर ध्वनियंत्राच्या रचनेवरून व कुळावरून ठरवितात. त्या निकषाने कोकिळ गायक ठरत नाही, आणि कावळा मात्र ठरतो! हे ऐकून आमच्यासारख्या संस्कृताच्या शिक्षकास धक्काच बसला. कोकिळेचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढते म्हणून कवींनी कावळ्यास आजवर जे हिणविले, त्याचा सूड शास्त्राने असा उगविला म्हणावयाचा. चोपत्यास दिवसभर एका कोकिळजातीय पक्ष्याची हाक ऐकू येते. तेथील लोक तिचा अर्थ "काफल पाको", म्हणजे काफलाची फळे पिकली, असा लावतात. आमचे शेतकरी पावशाच्या हाकेत "पेरते व्हा" ऐकतात, त्याचाच हा गढवाली भाऊ. पुतणीच्या वहीत त्याचीही नोंद होते, पण निराळ्या रकान्यात.

गणनेची रीत अशी. वाटेवर व रानात एकमेकांपासून किमान दोनशे मीटर अंतरावर जागा ठरविलेल्या असतात, आणि त्या वर्षानुवर्षे बदलावयाच्या नसतात. उजाडण्याच्या सुमारास एका जागी जाऊन दोन मिनिटे निःशब्द उभे राहावयाचे. मनुष्याच्या पावलांनी गप्प झालेले रान पुन्हा बोलू लागले, की घड्याळ लावून दहा मिनिटे कान व डोळे उघडे ठेवावयाचे. जे पाखरू दिसेल वा ऐकू येईल त्याची जात, त्याचे आपल्यापासूनचे अंतर, ते दिसले की केवळ ऐकू आले, वारा किती, आकाश कसे, हे सर्व टिपून घ्यावयाचे आणि पुढच्या जागी जावयाचे. नऊच्या सुमारास गाणे ओसरते. मग त्या दिवसाचे काम संपले.

आम्ही पहिल्या दिवशी चार जागांवर त्यांच्यासोबत उभे राहिलो. थंडी अशी, की लोकरीच्या मोज्यांतूनही बोटे बधिर व्हावीत. पहिल्या जागी पाचाच्या सुमारास करड्या पंखांच्या कस्तुराने सुरुवात केली. इतके भरदार व सावकाश गाणे आम्ही आयुष्यात थोडे ऐकले आहे. प्रत्येक चरण निराळा, मध्ये योग्य ती विश्रांती. त्याच्या मागोमाग झुडपातून लाफिंगथ्रश नावाच्या तपकिरी पक्ष्यांची कुजबूज, उंच फरमधून वल्गुलींचा किलबिलाट, आणि चारी बाजूंनी वटवट्यांचे बारीक सूर सुरू झाले. हे वटवटे म्हणजे चिमणीहूनही लहान, हिरवट, पानाआड दडणारे पक्षी. हिमालयात त्यांच्या इतक्या जाती आहेत आणि त्या दिसावयास एकमेकींशी इतक्या सारख्या आहेत, की डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा कानांनी ओळखणे अनुभवी लोकांसही सोपे जाते. पुतणीची पेन्सिल सारखी चालत होती. दहा पक्ष्यांपैकी आठ तरी तिने न पाहताच लिहिले.

दहा मिनिटे संपल्यावर आम्ही विचारले, "ह्या जागेवर एकंदर किती पाखरे आहेत?" ती हसून म्हणाली, "काका, किती आहेत ते नाही. किती कळली तेवढेच लिहिले आहे. आहेत किती, हा निराळा प्रश्न."

ह्या उत्तराने आम्ही चमकलो. कारण हा तर आमच्या दर्शनशास्त्रांतील अनुपलब्धीचा प्रश्न! भूतलावर घट नाही, हे ज्ञान आपणांस कशाने होते, ह्याविषयी मीमांसक, वेदान्ती व नैयायिक ह्यांनी शतकानुशतके वाद घातला. भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी मानले नाही. तथापि एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत आहे. केवळ न दिसणे हे नसण्याचे प्रमाण नव्हे. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे शहाणा मनुष्य म्हणत नाही. येथे घट असता तर खात्रीने दिसला असता, अशी परिस्थिती असून तो दिसला नाही, तरच त्याचा अभाव सिद्ध होतो. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात. पाठशाळेत हे प्रकरण शिकताना घट आणि भूतल ह्यांचा आम्हांस कंटाळा येत असे. त्याच विचाराचा इतका व्यवहारी उपयोग हिमालयाच्या एका उतारावर चाललेला असेल, हे कोणास वाटले असते?

पक्षिगणकांची सारी युक्ती ह्या योग्यतेचे मोजमाप करण्यात आहे. ते त्याच जागी ऋतूत तीन वेळा जातात. समजा, एखादी जात जेथे निश्चित आहे अशा जागांवर ती प्रत्येक खेपेस सरासरीने दोहोंपैकी एकदाच कळते. मग ती असूनही लागोपाठ तीन खेपा हुकण्याचा संभव आठांत एक. म्हणजे तीनदा जाऊनही ती मिळाली नाही, तर "नाही" ह्या शब्दास काहीएक वजन येते. एकदाच जाऊन न मिळाल्यास जवळजवळ काहीच येत नाही. अंतराचीही अशीच गोष्ट. जवळची पाखरे बहुतेक कळतात, दूरची निसटतात; अंतरागणिक नोंदी कशा घटत जातात ते पाहून निसटलेल्यांचा अदमास काढता येतो. ओढ्याकाठच्या जागी पाण्याच्या घोषात कान निरुपयोगी ठरतात, म्हणून तेथील नोंदी निराळ्या धराव्या लागतात. गाण्यातही फसगत आहे. नर बहुधा आपल्या हद्दीच्या रक्षणासाठी व मादीस बोलाविण्यासाठी गातो. ज्यास जोडीदारीण मिळाली नाही तो पुष्कळदा अधिकच गातो. तेव्हा गाणे मोठे म्हणून संसार भरभराटीत आहे, असे समजू नये. मनुष्यांतही हा नियम लागू पडत असावा.

तिसऱ्या जागी आमच्या कानांचीच परीक्षा झाली. तिघाही तरुणांनी एकदमच वर बोट केले आणि "गोल्डक्रेस्ट" असे पुटपुटून वहीत लिहिले. आम्हांस काहीएक ऐकू आले नाही. पाच-सहा ग्रॅम वजनाचे, डोक्यावर पिवळी रेघ असलेले हे पाखरू फरच्या शेंड्यांत वावरते. त्याच्या सुरास सेकंदास सात-आठ हजार कंपने असतात, आणि वय वाढते तसे मनुष्याचे कान प्रथम हेच उंच सूर गमावतात. पुढे पुतणीने दुर्बीण हाती दिली तेव्हा ते पाखरू स्पष्ट दिसले. चोच उघडत होती, मिटत होती, कंठ थरथरत होता, आणि आमच्यापुरते ते मुके होते. आमचे कुटुंब आमच्याहून सात वर्षांनी लहान. त्यांस मात्र ते ऐकू आले. मनास थोडे लागले, हे खरे. परंतु शास्त्रदृष्ट्या ह्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. मोजणारा मनुष्य हाही मोजमापाचा भाग होय. एकच मनुष्य तीस वर्षे मोजीत राहिला, तर त्याच्या वहीत उंच सुराची पाखरे कमी होत गेलेली दिसतील, आणि ती रानातून गेली की त्याच्या कानातून, हे वहीस ठाऊक नसेल. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे कोणी ऐकले हेही लिहितात, आणि काही जागी ध्वनिमुद्रक यंत्रेही बसवितात.

एवढी यातायात कशासाठी? मागील शतकांत पक्षिशास्त्र बंदुकीने चालत असे. काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून आपण ज्यांस ओळखतो ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे सिमल्यास राहून हजारो पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्रह करीत. तो अफाट संग्रह त्यांनी १८८५ साली ब्रिटिश म्यूझियमला दिला. त्यांच्या बृहद्ग्रंथाची हस्तलिखिते नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली, ही कथा प्रसिद्धच आहे. लेखनव्यवसायी मनुष्यास ती वाचवत नाही. अशा संग्रहांवरून कोणता पक्षी कोठे होता ते कळते, किती होते ते कळत नाही. सालिम अलींनी १९४९ साली डोंगरी पक्ष्यांवर इंग्रजीत सुंदर पुस्तक काढले. त्यातूनही जाती ओळखता येतात, संख्या नव्हे. आणि आज प्रश्न संख्येचा आहे.

पर्वतावर चढताना दर हजार मीटरांस हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. ह्याचे त्रैराशिक कोणीही शाळकरी मुलगा मांडील. हवामान एका अंशाने तापले, तर पूर्वीचाच गारवा मिळविण्यास पाखरास सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागेल. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाड वरच्या मजल्यावर जाईल. पण वरच्याने कोठे जावे? पर्वत वर निमुळता होत जातो आणि शेवटी संपतो. हे केवळ तर्कट नव्हे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात पांतियाकोया नावाच्या डोंगरकण्यावर १९८५ साली पक्ष्यांची तपशीलवार पाहणी झाली होती. २०१७ साली संशोधकांनी त्याच वाटेवर ती पुन्हा केली. मधल्या काळात तेथील उष्णता अर्ध्या अंशाहूनही कमी वाढली होती, तरी माथ्यावर पूर्वी सहज आढळणाऱ्या कित्येक जाती दुसऱ्या खेपेस मिळाल्याच नाहीत. १९८५ ची वही नसती, तर ह्या जाती तेथे कधी होत्या हेही कोणास कळले नसते.

आपल्याकडे अशा जुन्या वह्या फार थोड्या आहेत. स्वित्झर्लंडात १९९९ पासून एकेक चौरस किलोमीटरच्या २६७ चौकटी आखून, सखल भूमीपासून आल्प्सच्या उघड्या माथ्यांपर्यंत, ठराविक रीतीने गणना होत असते. खाली प्रत्येक चौकटीत तीन खेपा करतात, आणि झाडांच्या हद्दीवर जेथे ऋतूच तोकडा, तेथे दोन. आपल्या देशात २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. पण त्यांपैकी केवळ ३३८ जातींविषयीच दीर्घकालीन कल सांगण्याइतकी माहिती मिळाली, आणि त्यांत दर शंभरांत साठ जाती घटत असल्याचे दिसले. उरलेल्या सहाशेंविषयी काय म्हणावे? त्या सुखात आहेत असे नव्हे. त्यांच्याविषयी आपली अनुपलब्धी अद्याप योग्य झालेली नाही, एवढेच. २०२२ पासून भारत, नेपाळ व भूतान ह्या तिन्ही देशांतील पक्षिप्रेमी मे महिन्यात एक दिवस ठरवून सबंध हिमालयाची गणना करतात. उपक्रम स्तुत्य खराच. परंतु एका दिवसाची गणना ही जत्रेची शिरगणती होय. गावात नांदतात किती, हे जत्रेवरून कळत नाही. त्यास ठराविक जागा आणि चिकटून राहणारी माणसेच पाहिजेत, आणि अशा कामास द्रव्य देणारे तीन वर्षांनी "निष्पन्न काय?" म्हणून विचारतात, अशी पुतणीची तक्रार आहे. आमच्या मते ती रास्त आहे. जे काम वीस वर्षांनी फळ द्यावयाचे, त्यास तीन वर्षांच्या फुटपट्टीने मोजणे म्हणजे आंब्याची कोय लावून श्रावणात कैरी मागणे होय.

चौथ्या दिवशी आम्ही तुंगनाथास गेलो. बुग्यालावर पाऊल ठेवताच गाण्याचा प्रकार बदलतो. झाड नाही, म्हणून गाण्यास उंच आसन नाही; तेव्हा तीरचिमणीची तेथील गुलाबी छातीची जात आकाशालाच आसन करते. गात गात उंच चढते आणि पंख ताठ पसरून गातच खाली उतरते. आमच्या माळावरील चंडोलाची आठवण झाली. शिळांच्या फटींतून करड्या रंगाचे अ‍ॅक्सेंटर पक्षी निर्भयपणे यात्रेकरूंच्या पायांजवळ दाणे टिपीत होते. हे सारे शेवटच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू. त्यांच्यावर चंद्रशिलेचा माथा, आणि त्यावर आकाश. हा सर्व मुलूख १९७२ साली स्थापिलेल्या केदारनाथ अभयारण्याच्या परिसरात येतो. बुग्यालांत रात्रीचा मुक्काम करण्यास उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली. त्या मनाईचे महत्त्व तीरचिमणीचे घरटे पाहिल्यावर कळते, कारण ते जमिनीवरच गवतात असते आणि तंबूच्या एका खुंटीने त्याचा नाश होऊ शकतो.

मंदिराच्या पुजाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट कळली. दिवाळीनंतर मंदिराची कवाडे बंद होतात आणि तुंगनाथाची उत्सवमूर्ती पालखीतून खाली मक्कूमठास नेतात. देवाचा हिवाळा तेथे जातो आणि वैशाखात पालखी पुन्हा वर येते. पुतणी म्हणाली, "काका, माझी निम्मी पाखरे हेच करतात." खरोखर, वरच्या रानांतील अनेक पक्षी बर्फ पडू लागले की खालच्या दऱ्यांत उतरतात. म्हणजे त्यांचे जगणे एका मजल्यावर अवलंबून नाही. वरचे बुग्याल राखले आणि खालची बांजाची राने गेली, तरी वरचे गाणे बंद पडेल, आणि वर मोजणाऱ्यास कारण सापडणार नाही.

काही तर मक्कूमठाच्याही पुष्कळ पुढे येतात. ऊखीमठाकडून चढताना चिडाच्या शेंड्यावर निळ्या टोपीचा कस्तुर गात असलेला आम्ही पाहिला. डोके निळे, पोट तांबूस, पंखावर पांढरा ठिपका. हा पक्षी हिवाळ्यात आमच्या सह्याद्रीत येतो, आणि महाबळेश्वराच्या रानात आम्ही त्यास कितीदा तरी पाहिला होता. परंतु तेथे तो मुका असतो, मान खाली घालून पाचोळा चाळीत हिंडतो. त्याचे गाणे आम्ही साठी उलटल्यावर प्रथमच ऐकले. निलांग नावाची निळी माशीमार पाखरे आणि वटवट्यांच्या काही जाती हाच प्रवास करतात. गढवालातील वहीत ती एखादे वर्षी कमी भरली, तर कारण गढवालात असेल किंवा कोयनेच्या खोऱ्यातही असेल.

म्हणून परत निघताना पुतणीने आमच्या हाती एक कोरी वही दिली. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, दर आठवड्यास एकदा, पाचगणीच्या घाटातील एकाच जागी, सकाळी दहा मिनिटे उभे राहावयाचे, आणि कुटुंबास बरोबर न्यावयाचे, कारण त्यांचे कान चांगले. पहिल्या हिवाळ्यात सोळा खेपा झाल्या. कस्तुर पाच खेपांस दिसला, अकरा खेपांस दिसला नाही. दोन्हीही लिहून ठेविले आहे.